माझे चार सिंथेसायझर आणि माझे शाबूत डोके

मी, प्रेमिला नत्थू सुखदेवे, वय वर्षे एकसष्ट, व्यवसाय की-बोर्ड वाजविणे व शिकविणे आणि टेक्नो व हाउस या प्रकारचे संगीत तयार करणे, राहणार नंदनवन, नागपूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, भर दुपारी, घराचे दार उघडे ठेवून लिहीत आहे. दार उघडे यासाठी, की माझा हात धरून कोणी लिहवून घेतले नाही हे गल्लीने पाहावे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही आणि चहाखेरीज मी कशाच्याही अमलाखाली नाही.

येत्या काही दिवसांत माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणाले, काळजीचे काही कारण नाही. जाताना दारापाशी थांबून तेच पुन्हा म्हणाले. एकदाच म्हणाले असते तर मी विश्वास ठेवला असता. म्हणून हे लिहायला घेतले.

माझे डोके शाबूत आहे. हे वाक्य सर्वांच्याच मृत्युपत्रात असते. माझ्या बाबतीत मात्र त्यावर वाद झालेला आहे, म्हणून डॉ. पुष्पलता बनसोड यांचा दाखला सोबत जोडला आहे. वाद कसा झाला आणि कसा मिटला हे मी कलम सहामध्ये लिहिले आहे. ज्याला माझ्या डोक्याबद्दल शंका असेल त्याने ते कलम आधी वाचावे आणि मग कोर्टात जायचे की नाही ते ठरवावे.

कलम १. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. माझ्या पश्चात कोणी जुना कागद पुढे केला, तर तो मी केलेला नाही. कोऱ्या कागदावर माझ्या सह्या घेण्याचा प्रयत्न एकदा झाला होता, बँकेच्या कामासाठी म्हणून. मी त्या कागदांवर मुलांसाठी सरगम लिहून परत दिली.

कलम २. नंदनवन येथील राहते घर माझे स्वकष्टार्जित आहे. ऑर्केस्ट्रात, धुमालच्या म्हणजे मिरवणुकीतल्या बँडच्या गाड्यांवर, लग्नांत, जयंतीच्या कार्यक्रमांत वाजवून आणि घरी शिकवण्या घेऊन ते मी बांधले. आमचे वडील नत्थू सुखदेवे यांची पारशिवनीजवळची शेती आहे. तीत माझा वाटा होता, तो मी भावाला, संघपालला, फार पूर्वीच रीतसर सोडून दिला. त्यामुळे शेत त्याचे आणि घर माझे, असा हिशेब स्वच्छ आहे. संघपालच्या मनात तो तितका स्वच्छ नाही.

हे घर मी संघपालची मुलगी दीप्ती हिला देते. फक्त दीप्तीला, तिच्या एकटीच्या नावाने. तिचे लग्न झाले तर नवऱ्याचे नाव सोबत लागू नये. तो चांगला असेल. चांगल्यांचीही नावे लागू नयेत.

कलम ३. वडिलांची हार्मोनियम संघपालने घ्यावी. त्याला वाजवता येत नाही. पण बाबूजी वस्तीत भीमगीते म्हणायचे तेव्हा भाता ओढायला तोच पुढे बसायचा, हे मला आठवते. त्यालाही आठवत असेल तर पाहावे.

संघपालबद्दल पुढे बरेच वाईट लिहिले आहे, म्हणून हे इथेच लिहून ठेवते. माझ्या डोळ्याचे ऑपरेशन झाले तेव्हा तो शेतीची कामे टाकून आला होता. मला हाताला धरून न्यायचा, औषध वेळेवर घालायचा. तेव्हा तो मला पाहत होता की घर पाहत होता, हे मला आजतागायत कळलेले नाही.

कलम ४. ऑर्केस्ट्रावाले प्रेमानंद यांना मी काहीही ठेवीत नाही. माझी निम्मी उमर त्यांच्या ऑर्केस्ट्रात गेली. ते मला स्टेजवर स्पीकरच्या आड बसवायचे, बाई दिसली की पब्लिक गाणे सोडून बाईकडे पाहते म्हणून. पोस्टरवर छापायचे, ‘की-बोर्ड : प्रेमानंद आणि साथी.’ मी एकदा विचारले, माझे नाव काहून नाही. ते म्हणाले, “साथी म्हंजे तूच नं वं.” आजही भेटले की गळ्यात पडतात आणि बिमारीचे ऐकले म्हणतात. मी गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या दिवशी वंदना व्हावी, जेवण व्हावे. प्रेमानंद यांनी फुकटात वाजवून देतो म्हटले तरी त्यांचा ऑर्केस्ट्रा लावू नये. ते फुकटात काही देत नाहीत.

कलम ५. आता मुख्य मिळकतीकडे येते.

मागच्या खोलीत चार यंत्रे आहेत. एक ड्रम मशीन, एक एकस्वरी बेस सिंथेसायझर, एक सहा सूर एकदम वाजवणारा जुना सिंथेसायझर आणि एक लहानसा डिजिटल. त्यांची कंपनी आणि मॉडेल मी मुद्दाम लिहीत नाही. मृत्युपत्र नोंदवले की ते कोणकोणाच्या नजरेखालून जाईल सांगता येत नाही आणि जुन्या सिंथेसायझरच्या मागे लागलेली माणसे कुठेही असतात. वकील अॅड. नूपुर देवपुजारी यांच्याकडे वेगळ्या पाकिटात वर्णन दिले आहे. पाकीट लाखेने बंद केले आहे आणि लाख मी स्वतः लावली आहे.

ही चारही यंत्रे मी दीप्तीला देते. ती चारच का, हे तिने समजून घ्यावे, नाहीतर महिन्याभरात पाचवे आणील.

ऑर्केस्ट्रातल्या की-बोर्डचे काम सोंग घेण्याचे असते. बासरीवाला आला नाही की बासरी व्हायचे, सनईवाल्याने जास्त मागितले की सनई व्हायचे, व्हायोलिन तर रोजचेच. इतकी वर्षे वाजवूनही माझ्या वाद्याला स्वतःचा आवाज काय आहे हे मला ठाऊक नव्हते. मग गौरांग शिकायला आला. गौरांग शरच्चंद्र पांढरीपांडे, प्रताप नगरचा, मिहानमध्ये कॉम्प्युटरची नोकरी करणारा, चांगला कमावता माणूस. अशा माणसाला माझ्याकडे शिकावेसे का वाटावे, म्हणून मी पहिले काही आठवडे त्याच्यावर नजर ठेवून होते.

एके दिवशी त्याने आपला हेडफोन माझ्या कानाला लावला. आत एक ठोका चालला होता. त्याखाली दोनच सूर. बराच वेळ काहीच झाले नाही, मग एक टाळी आली आणि मला अंगावर कोणी पाणी शिंपडल्यासारखे झाले. मी विचारले, हे संपते कुठे. तो म्हणाला, संपत नाही, म्हणूनच ऐकायचे. त्याला मिनिमल टेक्नो म्हणतात, असे त्याने सांगितले. आधी वाटले, पोरगा माझी चेष्टा करतो आहे. पण मी हेडफोन काढला नाही. त्यातले यंत्र बासरी असल्याचे सांगत नव्हते. ते यंत्रच होते आणि त्याला त्याची लाज नव्हती.

पुढे आम्ही दोघांनी मिळून वाजवायला सुरुवात केली. त्यासाठी सिंथेसायझर निवडायचे ठरले तेव्हा गौरांगच्या मनात एक मोठा, शेकडो तयार आवाज असलेला होता. मी नको म्हटले. तयार आवाज म्हणजे दुसऱ्याने उष्टे करून ठेवलेले ताट. त्या आवाजाचे आधी कोणी काय केले आहे, तुम्हाला कळतही नाही.

दीप्ती, निवड अशी करायची. आधी ड्रम मशीन घे, कारण सगळे त्याच्याभोवती उभे राहते. त्याचा खालचा ठोका आखूड आणि कोरडा पाहिजे. लांबलेला ठोका दुकानात भारी वाटतो, दुकानदार तोच वाजवून दाखवतो, पण घरी आणल्यावर तो बेससाठी जागाच ठेवत नाही. मग बेस घ्यायला जाशील तेव्हा ड्रम मशीन सोबत ने. एकटा बेस ऐकून घेणे म्हणजे मुलीला न भेटवता स्थळ पक्के करणे. एक चार ठोक्यांचे चक्र लाव, त्यावर एकच सूर ठेव आणि डोळे मिटून ऐकत बस. दुकानदार बोलायला लागेल, त्याला बोलू दे, आपण ऐकू नये. काही वेळाने तुला बटण फिरवावेसे वाटू लागले तर ते यंत्र दुकानातच सोडून ये. काही करावेसे न वाटता ऐकत राहिलीस तर घे.

हाउससाठी कॉर्ड लागतात, त्यासाठी तो सहा सुरांचा जुना. त्यात थोडी खरखर आहे, ती काढून देणारा कोणी भेटला तर त्याला काढू देऊ नकोस. डिजिटल एवढ्याचसाठी, की पातेल्यावर चमचा लागल्यासारखा आवाज बाकी तिघांत नाही. एक यंत्र, एक काम. दोघांना एकच काम दिले की दोघेही कुरकुरतात आणि ऐकणाऱ्याला वाटते स्पीकर खराब आहे. ज्या यंत्रात प्रत्येक गोष्टीसाठी पडद्यावरच्या यादीत शिरावे लागते ते घेऊ नकोस. मला चष्मा लागतो म्हणून नव्हे. हात एकीकडे आणि नजर दुसरीकडे असली की माणूस फसतो.

‘नव्यासारखाच आहे’ असे म्हणणाऱ्याकडून काहीही घेऊ नकोस.

कलम ६. बेस सिंथेसायझर कसा घेतला आणि पुढे त्यावरून काय झाले ते इथे लिहिते.

पुण्यात एका गृहस्थांकडे एकाच मॉडेलचे तीन नग होते. मी आणि गौरांग ड्रम मशीन चाकांच्या बॅगेत घालून रेल्वेने गेलो. ते गृहस्थ म्हणाले, तिन्ही सारखेच आहेत, कुठलाही उचला. सारखेच आहेत तर मग तीन कशाला जमवलेत, असे माझ्या मनात आले. मी तिन्ही एकामागून एक ऐकले, सकाळची दुपार झाली. पहिले दोन बरे होते. तिसरा तापला, की त्याचा खालचा सूर केसभर उतरायचा आणि तिथेच ठाण मांडायचा. गौरांग कुजबुजला, “मावशी, हा बिघडलेला आहे.” मी म्हटले, बिघडलेला नाही, बसलेला आहे. पाहुणाही आल्याआल्या ताठ असतो, मग सैलावतो. आपल्या संगीतात तेच तेच इतका वेळ चालते, की जे तसूभरही हलत नाही ते कानाला खोटे वाटू लागते. हा आपण होऊन हलतो.

तो घेतला. घरी आल्यावर त्याच्या तळाला माझ्या नेलपॉलिशचा ठिपका लावला, म्हणजे कोणी बदलू नये.

त्या बेसवर आमची सगळी गाणी झाली. आम्ही पुणे, गोवा, बंगळूर इथे वाजवायला जाऊ लागलो. मी सुती साडीत, चष्मा लावून उभी राहायची. तरुण पोरे नाचायची आणि फोटो काढायची. ती आवाजासाठी आली की म्हातारी पाहायला, हा संशय मला प्रत्येक वेळी यायचा. पण एकदा ठोका सुरू झाला की ती माझ्याकडे पाहायची बंद व्हायची. तेवढे मला पुरे होते.

माझ्या डोळ्याचे ऑपरेशन झाले त्या हिवाळ्यात गौरांग एकटाच बेस घेऊन पुण्याच्या कार्यक्रमाला गेला. नंतर तो काही दिवस आलाच नाही, ऑफिसचे काम निघाले म्हणाला. मग बेस आणून ठेवला. दुसऱ्या दिवशी मी तो लावला. पहिला सूर ठीक वाटला. यंत्र तापले आणि मी वाट पाहत बसले. सूर उतरला नाही. आवाज झाकणारे-उघडणारे फिल्टरचे बटण मी रोजच्या जागेवर नेले, तर आवाज तिथे उघडला नाही, थोडा पुढे उघडला. जणू आपल्याच घरात अंधारात चालावे आणि खुर्चीला अडखळावे.

मी उलटा करून पाहिला. नेलपॉलिशचा ठिपका होता. डाव्या कोपऱ्याचा ओरखडा होता. डबा माझाच होता.

गौरांगला विचारले. तो केबल गुंडाळत होता. म्हणाला, “तोच आहे, मावशी. थंडीमुळे वाटत असेल.” त्याने मान वर केली नाही. तो गेल्यावर कुलूप बदलले आणि त्याला कळवले, की तूर्त येऊ नकोस. सीताबर्डीवरच्या एका रिपेअरवाल्याला दाखवले. त्याने उघडून पाहिले आणि सांगितले, “बाईजी, इसमें सब ओरिजिनल है.” तेही खरे होते, हे मला नंतर कळले.

मग मी एक गोष्ट केली, ती करायला नको होती. संघपालला फोनवर सांगितले.

संघपाल लगेच आला. फार गोड बोलला. दुसऱ्याच आठवड्यात नातेवाइकांत बोलले जाऊ लागले, की प्रेमिलाबाईला आवाज बदलल्याचे भास होतात, एकटी राहते, डोक्यावर परिणाम झाला. माझ्या देखभालीसाठी घर त्याच्या नावे करावे, असे तो प्रथम मोघम आणि मग स्पष्ट बोलू लागला. बीपी दाखवू म्हणून मला घेऊन निघाला. दवाखान्याच्या पाटीवर मी वाचले, डॉ. पुष्पलता बनसोड, मनोविकारतज्ज्ञ. मी पाटी वाचली हे त्याने पाहिले. दोघेही आत गेलो.

तिथे त्याने सांगितले ते शब्दशः लिहिते. “डॉक्टर मॅडम, मशीन तीच आहे. हिनं सोताच्या हातानं ठिपका लावला होता, तो बी जागेवर आहे. तरी म्हणते का बदलली. मले एक कागद पाह्यजे होता का हिले आता व्यवहार समजत नाही.”

डॉक्टर बाईंनी मला विचारले, तुम्हाला अजूनही तसेच वाटते का.

मला त्या क्षणी पक्के कळले, की ‘नाही, माझी चूक झाली’ एवढे म्हटले तर मी घरी जाईन आणि घर माझे राहील. बदलली म्हटले तर कागद होईल. पण मी उभी हयात कानांवर काढली. तेच खोटे आहेत असे स्वतःच्या तोंडाने म्हटल्यावर माझ्याकडे उरले काय असते. मी म्हणाले, “मला वाटत नाही. मला ऐकू येते.”

डॉक्टर बाईंनी लगेच काही लिहिले नाही. पुढच्या भेटीला तुमच्याबरोबर काम करणारे कोणी असेल तर आणा, म्हणाल्या.

दीप्ती तेव्हा कॉलेज संपवून माझ्याकडेच राहायला आली होती. बापाने पाठवली होती, माझ्यावर लक्ष ठेवायला, असे मला वाटे. त्या दिवशी मी घरी येऊन बेससमोर बसले. ती जवळ येऊन म्हणाली, “आत्या, जुनं गाणं अन् ही मशीन, दोन्ही सोबत लावून पाहू का?” आम्ही आमच्या जुन्या रेकॉर्डिंगमधला एकटा बेस आणि खोलीतला बेस, एकच सूर, पाळीपाळीने ऐकले. तिने डोळे मिटले. बऱ्याच वेळाने म्हणाली, “पहिलं उतरते. हे उतरून नाही राह्यलं.”

मला बरे वाटावे म्हणून म्हणते आहे, असा मला संशय आला. मी तिला न सांगता क्रम उलटा केला आणि पुन्हा लावले. ती म्हणाली, “आता दुसरं उतरलं.” मग मी तिला पोटाशी धरले. माझे घर दीप्तीला जावे, हे मी त्याच दिवशी ठरवले.

गौरांगला फोन तिने केला, मला न विचारता. माझ्या डोक्याचा कागद होतो आहे, एवढेच सांगितले. पुढच्या भेटीला तो मिहानहून थेट आला, गळ्यात ऑफिसचे ओळखपत्र तसेच. संघपाल होता, मी होते, दीप्ती दारापाशी उभी होती. त्याने कोणाकडे न पाहता सांगायला सुरुवात केली. पुण्याला गर्दीत कोणाचा तरी कोल्ड्रिंकचा ग्लास चालू यंत्रावर सांडला. यंत्र तिथेच गेले. त्याने पुष्कळ ठिकाणी दाखवले, ते दुरुस्त होण्यातले नव्हते. हैदराबादला त्याच मॉडेलचा दुसरा मिळाला. त्याच्या आतले सगळे काढून माझ्या डब्यात बसवून घेतले.

“त्या बरोबर ऐकत होत्या,” तो डॉक्टरांना म्हणाला. “मी खोटं बोललो.” मग माझ्याकडे वळला. “मला वाटलं, सांगितलं तर तुम्ही म्हणाल, मुद्दाम केलं.”

“म्हटलंच असतं,” मी म्हणाले.

संघपाल म्हणाला, यानं बिघडली ती भरून दिली, मग एवढं काय झालं. डॉक्टर बाईंनी त्याला शांतपणे सांगितले, की जे नसते ते ऐकू येणे म्हणजे भास, तुमच्या बहिणीला जे होते तेच ऐकू आले. तुम्हाला हवा तो कागद मी देणार नाही. मला मात्र त्यांनी दाखला दिला, मी न मागता. तो मी घरी येऊन पुन्हा पुन्हा वाचला, कुठे काही पळवाट ठेवली आहे का म्हणून. नव्हती.

गौरांगला मी लगेच माफ केले नाही. जळालेले आतले सामान तो कापडात गुंडाळून घेऊन आला, ते ठेवून घेतले आणि त्याला दारातूनच परत पाठवले. उन्हाळा गेला, पाऊस गेला. दिवाळीच्या सुमारास त्याला चहा दिला. मग आम्ही पुन्हा वाजवू लागलो. नव्या आतड्याचा बेस वाईट नाही. ताठ आहे. त्याला काय आवडते हे मी आता शिकते आहे. पण गौरांग केबल गुंडाळू लागला, की मी अजून त्याच्या तोंडाकडे पाहते.

कलम ७. शेजारी गणपतराव यांनी माझ्या ठोक्याबद्दल तीनदा पोलीस चौकीत तक्रार केली. मागच्या खोलीतले जाड गाद्यांचे पडदे मी त्यांच्यासाठीच लावले होते. ते दीप्तीने तिथेच राहू द्यावेत आणि गणपतरावांशी भांडू नये. त्यांची बायको गेल्यावर मी महिनाभर वाजवणे बंद ठेवले होते, तेव्हा त्यांनीच कुंपणाशी येऊन विचारले, ते धुपधुप बंद काहून झाले. त्यांना काय पाहिजे हे मला कधीच उमगले नाही.

कलम ८. माझ्या पश्चात मागच्या खोलीचे कुलूप वकील नूपुर देवपुजारी आणि दीप्ती या दोघींनी मिळून उघडावे. सांत्वनाला आलेल्या कोणीही ‘जरा पाहू’ म्हणून यंत्र लावू नये. वकील बाईंवर माझा विश्वास आहे. तरी दोघींनी मिळून उघडावे.

कलम ९. या मृत्युपत्राच्या कच्च्या खर्ड्यात आणखी एक कलम होते. त्यान्वये बेस सिंथेसायझर मी गौरांगला दिला होता. त्याच्या आतले सगळे त्यानेच आणलेले आहे आणि तो वाजवतो तेव्हा मला खोलीतून उठून जावेसे वाटत नाही, हे कारण मी लिहिले होते. साक्षीदार म्हणूनही त्याचेच नाव होते. माझ्या डोक्याबद्दल कोणी काही काढलेच, तर सगळे आधीपासून माहीत असलेला माणूस तो आणि डॉक्टर बाई, दोघेच.

वकील बाईंनी खर्डा वाचला आणि म्हणाल्या, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, पुढे शंका घ्यायला जागा राहते. त्यांच्या तोंडून ‘शंका’ हा शब्द ऐकून मला त्यांच्याबद्दल प्रथमच खरा आदर वाटला.

मी गौरांगला बोलावून घेतले आणि दोन्ही गोष्टी समोर ठेवल्या. बेस घेशील, तर सही दुसऱ्या कोणाची घेईन. सही करशील, तर बेस दीप्तीला जाईल. विचार करून सांग, मी म्हणाले.

त्याने विचारले, एकदा लावू का. मी हो म्हटले. त्याने ड्रम मशीन सुरू केले, त्याखाली एक सूर ठेवला आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिला. त्याला तो किती हवा होता हे मला दिसत होते. त्याला ते लपवता आले नाही, लपवायचे नव्हतेच बहुतेक. दीप्तीने चहा आणून ठेवला, तो निवून गेला. मग त्याने आवाज हळूहळू खाली आणला आणि बंद केला.

“सही करतो,” तो म्हणाला. “उद्या संघपालकाका कोर्टात गेले, तर तुम्ही बरोबर ऐकत होत्या हे छातीठोकपणे सांगायला मी पाहिजे. मला काही मिळालेलं असलं तर माझं कोण ऐकेल?”

मी त्या बोलण्यात खोट शोधली. तो घरी गेल्यावरही शोधत राहिले, दुसऱ्या दिवशी शिकवणी घेतानाही शोधत राहिले. सापडली नाही. ते कलम मी खोडले.

वरील सर्व मजकूर माझ्याच हातचा आहे. खाडाखोड जिथे आहे तिथे बाजूला सही केली आहे. दोन्ही साक्षीदार मी सही करताना समोर होते आणि त्यांनी सह्या केल्या तेव्हा मी समोर होते, माझा चष्मा डोळ्यांवर होता.

ठिकाण : नंदनवन, नागपूर
दिनांक : ९ जानेवारी २०२५

(सही)
प्रेमिला नत्थू सुखदेवे

साक्षीदार पहिली : प्रेमिलाबाई सुखदेवे यांना मी तपासले आहे. त्यांची स्मृती, समज आणि निर्णयशक्ती चांगली आहे. त्यांनी माझेही ओळखपत्र मागून पाहिले.
(सही) डॉ. पुष्पलता बनसोड

साक्षीदार दुसरा : मी, गौरांग शरच्चंद्र पांढरीपांडे, राहणार प्रताप नगर, नागपूर. प्रेमिला सुखदेवे यांनी हे मृत्युपत्र वाचून, समजून, माझ्यासमोर त्यावर सही केली. त्यांचे डोके ठिकाणावर आहे आणि ज्या काळाबद्दल वाद झाला त्या काळातही ते ठिकाणावर होते, हे मी स्वतःच्या माहितीवरून सांगतो. या मृत्युपत्राने मला काहीही मिळत नाही.
(सही) गौरांग शरच्चंद्र पांढरीपांडे